वानराचे वागणे आणि माणसाचे मत

मार्गशीर्ष उजाडला, की वाशीम जिल्ह्यातील तूर शेंगांनी लगडू लागते. सोयाबीन केव्हाच घरात किंवा बाजार समितीत पोहोचलेले असते, हरभरा वीतभर वर आलेला असतो आणि मालेगाव, मानोरा, मंगरुळपीर या तालुक्यांत टेकड्यांलगतच्या शेतांवर दुहेरी पहारा सुरू होतो. रात्री रोही आणि रानडुकरांसाठी जागल करायची आणि उजाडले, की वानरांसाठी राखण करायची. जागलीचे काम घरातील कर्त्या पुरुषांकडे असते. दिवसाची राखण बहुधा म्हातारी माणसे, बाया आणि शाळा बुडवून आलेली मुले करतात. झटका मशीनच्या तारेपाशी रोही थबकतो; वानर मात्र बांधावरच्या कडुनिंबावरून थेट तारेच्या आत उतरते. त्याने केलेले नुकसान पंचनाम्याच्या कागदात नीट मावतही नाही. रानडुक्कर पट्टाच्या पट्टा लोळवते, तो मोजता येतो. वानर या झाडाच्या चार शेंगा ओरबाडते, त्या झाडाचा शेंडा मोडते, दोन दाणे खाते आणि उरलेले टाकून पुढे जाते. असे नुकसान एकरात मोजायचे तरी कसे, हा प्रश्न शेतकऱ्याला पडतो तसाच मोजायला आलेल्या कर्मचाऱ्यालाही पडतो.

त्याच गावाच्या वेशीजवळ मारुतीचे देऊळ असते. शनिवारी तेथे तेल वाहिले जाते, रुईची माळ घातली जाते आणि पारावर आलेल्या वानरांपुढे फुटाणे, शेंगदाणे, केळी ठेवली जातात. एखादे वानर विजेच्या तारेला चिकटून मेले, तर त्याची भजनासह अंत्ययात्रा निघते आणि कोठे कोठे तेरवीचे जेवणही घातले जाते. तेरवीला वर्गणी देणारा माणूस दुसऱ्या दिवशी शेतात गोफण घेऊन उभा असतो, यात त्याला स्वतःला काही विसंगती वाटत नाही; आणि ती आहे असे बाहेरच्याने घाईने म्हणूही नये. वऱ्हाडाचे वानराशी असलेले नाते जुने आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच वाकाटक घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील राजा दुसरा प्रवरसेन याच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य आहे आणि वानरसेनेने समुद्रावर बांधलेला सेतू हा त्याचा विषय आहे.

एखाद्या वन्यप्राण्याविषयी माणसाचे मत कसे बनते? पुराणाने बनते, पोटाने बनते, तसेच त्या प्राण्याच्या प्रत्यक्ष वागण्यानेही बनते. आणि ते वागणे जेव्हा आपल्या मनातील चित्राशी जुळत नाही, तेव्हा माणूस प्राण्याला दोष देतो. चित्र तपासून पाहत नाही. याचे जगातील सर्वांत गाजलेले उदाहरण आफ्रिकेतील चिंपांझीचे आहे.

जेन गुडॉल १९६० च्या जुलै महिन्यात टांगानिका सरोवराकाठच्या गोंबे येथे पोहोचल्या, तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या आणि त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. त्याच वर्षी त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. चिंपांझी गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढून खातो, म्हणजे तो हत्यार वापरतो, ही पहिली. चिंपांझी शिकार करून मांस खातो, ही दुसरी. जगाने पहिली गोष्ट डोक्यावर घेतली आणि दुसरीकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढील दशकभर मासिकांतून व चित्रपटांतून चिंपांझीचे जे रूप लोकांसमोर आले, ते मिठी मारणाऱ्या, हात हातात घेणाऱ्या, आईच्या पाठीवर बसून फिरणाऱ्या सौम्य जिवाचे होते. हे चित्र खोटे नव्हते, अपुरे होते.

मग १९७४ उजाडले. गोंबेतील एका कळपाची दोन गटांत फाटाफूट झालेली होती. मोठ्या गटातील नर टोळीने सीमेवर जात, दुसऱ्या गटातील एकटा नर गाठत आणि त्याला मरेपर्यंत मारत. १९७८ पर्यंत लहान गटातील सर्व प्रौढ नर संपले आणि त्यांचा मुलूख दुसऱ्यांच्या हाती गेला. याच काळात एक मादी आणि तिची तरुण मुलगी आपल्याच गटातील इतर माद्यांची पिल्ले हिसकावून खाताना दिसल्या. ज्यांनी चिंपांझीला निष्पाप मानले होते, त्यांना हा विश्वासघात वाटला. काहींनी तो मान्यच केला नाही. गुडॉल यांनी छावणीजवळ केळी घातली, म्हणून हे प्राणी बिघडले, असा आक्षेप घेतला गेला. तो अगदीच निराधार नव्हता. केळ्यांभोवती भांडणे वाढली होती, हे गुडॉल यांनीही नाकारले नाही. परंतु केळी हेच मूळ कारण आहे का, याचे उत्तर मिळायला २०१४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ‘नेचर’ या नियतकालिकात चिंपांझींच्या १८ कळपांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हत्येच्या १५२ घटना तपासल्या होत्या. माणसाचा हस्तक्षेप जेथे अधिक, तेथे हत्या अधिक, असे काही आढळले नाही. कळपात नर किती आहेत आणि वस्ती किती दाट आहे, यांच्याशी मात्र हत्यांचा संबंध दिसला. चिंपांझी बिघडला नव्हता. तो तसाच होता. गुडॉल १ ऑक्टोबर २०२५ रोजी निवर्तल्या, त्या अखेरपर्यंत या प्राण्याच्या संरक्षणासाठी जग फिरत होत्या. त्याचे क्रौर्य आधी त्यांनीच जगापुढे मांडले होते.

वानराची कथा याहून निराळी नाही. किंबहुना काही बाबतींत ती आधी घडली, आणि आपल्या शेजारी घडली. येथे नात्याचा एक खुलासा आवश्यक आहे. चिंपांझी हा कपी आहे, त्याला शेपूट नाही आणि तो वानरापेक्षा माणसाला अधिक जवळचा आहे. वानरांची वंशशाखा माणूस व कपी यांच्या शाखेपासून सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. गोंबेतील चिंपांझी ज्या तांबड्या कोलोबस माकडांची शिकार करतात, ती माकडे आपल्या वानराच्या कुळातील आहेत. पण माणसाने त्यांच्याकडून केलेल्या अपेक्षा मात्र सारख्याच निघाल्या.

फिलिस जे या अमेरिकी अभ्यासिकेने १९५८ ते १९६० या काळात उत्तर प्रदेशातील कौकोरी आणि बस्तरमधील ओर्छा येथे वानरांचे निरीक्षण केले. त्यांना दिसलेला कळप शांत होता. नवजात पिल्लू पहिल्या दिवसापासून एका मादीकडून दुसरीकडे फिरते, आई निर्धास्तपणे चरते, नर क्वचितच भांडतात, असे त्यांनी नोंदवले. आणि यानंतर दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने धारवाडजवळ काही वेगळेच पाहिले. सात नरांच्या एका टोळीने एका कळपावर हल्ला चढवला, कळपातील मुख्य नराला हुसकून लावले आणि पुढे त्या सातांतील एकाने उरलेल्यांनाही पिटाळून कळप एकट्याच्या ताब्यात घेतला. त्यानंतर त्याने कळपातील अंगावर पिणारी पिल्ले चावून मारली. हनुमंताच्या वंशजाकडून बालहत्या! विद्वानांनाही हे पटेना. गर्दीमुळे आलेली ही विकृती असावी, असा तर्क पुढे आला.

सारा ब्लाफर हर्डी याच तर्काची तपासणी करण्यासाठी १९७१ मध्ये राजस्थानातील अबूच्या पहाडावर आल्या. वस्ती दाट झाली की वानर पिसाळते, हे त्यांना सिद्ध करायचे होते. १९७५ पर्यंत पुन्हा पुन्हा येऊन त्यांनी जे पाहिले, त्याने तो तर्क मोडला. पिल्लांना मारणारा नर जवळजवळ नेहमी बाहेरून आलेला असे आणि तो कळपाचा ताबा घेतल्यानंतरच मारत असे. जी पिल्ले मारली जात, ती आधीच्या नराची असत. मादी पिल्लाला पाजत असेपर्यंत पुन्हा माजावर येत नाही. पिल्लू गेले, की ती लवकर माजावर येते. नव्या नराच्या हातात कळप किती काळ राहील याचा नेम नसतो. तेवढ्या अवधीत स्वतःची संतती वाढवायची, तर दुसऱ्याच्या संततीची वाट पाहणे त्याला परवडत नाही. हा हिशोब नर मनात मांडतो असे नव्हे. असे वागणाऱ्या नरांची संतती अधिक उरली, म्हणून हे वागणे टिकले. हर्डी यांचे पुस्तक १९७७ मध्ये आले आणि त्यावर दोन दशके वाद चालला. अखेरीस नेपाळच्या दक्षिणेकडील रामनगरच्या जंगलात, जेथे वानरांना कोणी खाऊ घालत नाही, तेथील वानरांच्या जनुकीय चाचण्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. हल्ला करणारा एकही नर मारलेल्या पिल्लाचा बाप नव्हता.

माद्यांची बाजू हर्डी यांनी तितक्याच बारकाईने मांडली, ती मात्र सहसा सांगितली जात नाही. माद्या नव्या नराविरुद्ध एकजूट करतात, म्हाताऱ्या माद्या दुसरीच्या पिल्लासाठी अंगावर जखमा घेतात, काही माद्या गाभण असतानाही नव्या नराशी संग करून त्याला बापपणाच्या भ्रमात ठेवतात. कळप म्हणजे वस्तुतः माद्यांचा. मुली आईच्याच कळपात राहतात आणि मुलूख त्यांच्याकडेच वारशाने येतो. आपण ज्याला कळपाचा राजा समजतो, तो हुप्प्या काही काळाचा पाहुणा असतो.

हे सारे वाशीमच्या शेतकऱ्याला सांगून काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग आहे, आणि तो अगदी व्यवहारातला आहे. गावात वानरांचा उपद्रव वाढला, की सर्वांत दांडगा, अंगावर येणारा, बायाबापड्यांच्या हातातील पिशवी ओढणारा हुप्प्या पहिल्यांदा नजरेत भरतो. त्याला पकडा, दूरच्या जंगलात सोडा, अशी मागणी होते. सुगियामा यांनी धारवाडला हाच प्रयोग जाणीवपूर्वक करून पाहिला होता. एका कळपातील एकमेव नर त्यांनी बाजूला काढला. शेजारच्या कळपाचा नर आत शिरला आणि त्याने तेथील पिल्ले मारली. हा प्रयोग त्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. गावात हेच घडले, तर काय दिसेल? पारावर रक्ताळलेली पिल्ले, छपरांवर धावाधाव, फुटलेली कवेलू, बिथरलेल्या माद्या आणि काही महिन्यांनी त्याच माद्यांच्या पोटी नवी पिल्ले. वानरांची संख्या घटणार नाही. हुप्प्या बदलेल, एवढेच. आणि नवा जुन्यापेक्षा सौम्य असेल याची हमी कोणी द्यावी?

बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या लवूळ या गावाचे नाव २०२१ च्या डिसेंबरात जगभर झाले, तेही अशाच गैरसमजातून. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर व घरांच्या छतांवर नेत आणि तेथे ती पिल्ले मरत. कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले, म्हणून वानरांनी सूड उगवला, अशी कथा तयार झाली. अडीचशे कुत्री मारल्याचा आकडा परदेशी वृत्तपत्रांनीही छापला. एका खेड्यात एवढी पिल्ले कोठून आली, हा साधा प्रश्न फारसा कोणाला सुचला नाही. वनविभागाच्या नागपूरहून आलेल्या पथकाने दोन वानरे पकडली आणि ती दूर नेऊन सोडण्यात आली.

सूड या शब्दात एक मोह आहे. त्याने घटनेला आरंभ, कारण आणि खलनायक मिळतो. परंतु वानरांच्या सवयी पाहता साधे स्पष्टीकरण अधिक जुळते. दुसऱ्याचे पिल्लू उचलणे, छातीशी धरणे, घेऊन हिंडणे हे वानरांच्या रोजच्या आयुष्यातले वागणे आहे. वानराचे पिल्लू जन्मतःच आईच्या केसांना घट्ट पकडून राहते. कुत्र्याच्या पिल्लाला ती पकड नाही. उंचावरून सुटले, की ते पडते. पडले नाही, तरी दुधावाचून आणि पाण्यावाचून फार काळ जगत नाही. मारण्याचा हेतू नसतानाही मृत्यू घडू शकतो, हे न्यायालयाला कळते. गावगप्पांना कळत नाही. लवूळच्या लोकांची भीती खरी होती. वानर अंगावर आल्यावर त्याच्या हेतूची चर्चा करायला कोणी थांबत नाही. पण सुडाच्या कथेने एक अपाय केला. ‘वानर डूख धरते’ ही समजूत पक्की झाली, आणि डूख धरणाऱ्या प्राण्याशी माणूस समझोता करत नाही.

आता पोटाचा मुद्दा. वानराचे जठर अनेक कप्प्यांचे असते आणि त्यात जिवाणू पाला आंबवतात, बरेचसे गुरांसारखेच. त्यामुळे लाल तोंडाच्या माकडाला जो जून पाला पचत नाही, तो वानराला पचतो. वाशीमसारख्या कोरड्या, पानगळीच्या मुलखात ते टिकले ते यामुळेच. बांधावरचा उंबर, पिंपळ, बाभूळ, बोर यांवर त्याचे वर्ष निघू शकते. मात्र पाला हे कमी कसाचे अन्न आहे. ते खाऊन दिवसाचा मोठा भाग बसून काढावा लागतो. तुरीचा दाणा, हरभऱ्याचा घाटा, संत्रे, पारावरचा शेंगदाणा हे त्यामानाने मिष्टान्न. एकदा त्याची चटक लागली, की कळपाचा दिवसक्रमच बदलतो. आणि केवळ दिवसक्रम नव्हे. जोधपूरच्या आसपास लोक वानरांना भक्तिभावाने खाऊ घालतात. तेथे एका मादीच्या दोन बाळंतपणांत सरासरी सव्वा ते दीड वर्षाचे अंतर आढळले. रामनगरच्या जंगलात हेच अंतर सव्वादोन वर्षांहून अधिक भरले. शनिवारच्या फुटाण्यांचा हिशोब असा तुरीच्या शेतात येऊन मिळतो. ज्या हाताने पुण्य जोडले, त्याच हाताने राखणीचे दिवस वाढवले, असे म्हटले तर ते कडू लागेल, पण चुकीचे ठरणार नाही.

श्रद्धा आणि शेती यांची अशी ओढाताण केवळ हनुमंताच्या देशात आहे असे नाही. धारवाडच्या अभ्यासानंतर सुगियामा आफ्रिकेत गेले आणि १९७६ मध्ये त्यांनी गिनी देशातील बोसू या गावी चिंपांझींचा अभ्यास सुरू केला. तेथील मानों लोक चिंपांझीला आपल्या पूर्वजांचा अवतार मानतात. त्याला मारत नाहीत, खात नाहीत. या श्रद्धेमुळेच चोहोबाजूंनी शेतीने वेढलेल्या छोट्या टेकडीवर तो कळप टिकला. तोच चिंपांझी गावात शिरून पपई तोडतो. तोडणारे बहुधा प्रौढ नर असतात आणि चोरलेली पपई ते अनेकदा तरुण माद्यांना देतात, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. धोक्याच्या जागी जाऊन आणलेले फळ म्हणजे जणू मर्दुमकीचा पुरावा. आपल्या पपया गेल्या म्हणून शेतकरी चिडतो, ओरडतो, दगड मारतो, पण जीव घेत नाही. २००३ मध्ये श्वसनाच्या साथीने त्या कळपातील पाच चिंपांझी दगावले. माणसाने न मारल्याने कळप सुरक्षित होतोच असे नाही, हे तेव्हा दिसले. पश्चिम युगांडात अशी श्रद्धा नाही. तेथे २००० नंतर खासगी जंगले तुटत गेली, चिंपांझी घरामागच्या फणसांवर येऊ लागले, काही लहान मुलांवर जीवघेणे हल्ले झाले, आणि त्या गावांतील लोकांना चिंपांझी माणसासारखा आहे हे कौतुकाने सांगण्यात काही अर्थ उरला नाही. प्राण्याचे वागणे दोन्हीकडे त्याच जातीचे. माणसाचे मत मात्र दोन टोकांचे.

महाराष्ट्रात या दोन टोकांच्या मधली एक जागा धाराशिव जिल्ह्यातील उपळा या गावाने दाखवली. तेथील ग्रामपंचायतीच्या दप्तरात ३२ एकर जमीन माकडांच्या नावे नोंदलेली असल्याचे २०२२ च्या ऑक्टोबरात सर्वत्र छापून आले. ही नोंद कोणी आणि केव्हा केली, ते गावालाही ठाऊक नाही. पूर्वी गावात लग्न लागण्याआधी माकडांना मान दिला जाई, असे गावकरी सांगतात. त्या जमिनीवर वनविभागाने झाडे लावली आहेत. बातमीचे सर्वांना हसू आले, पण त्या दप्तरामागचा विचार हसण्यासारखा नाही. माकडाला शेतात येऊ द्यायचे नसेल, तर त्याला जायला दुसरी जागा हवी, हे कोणा अनाम कारकुनाने सातबाऱ्याच्या भाषेत लिहून ठेवले.

वाशीम जिल्ह्यात अशी जागा थोडीच आहे. कारंजा-सोहोळचे अभयारण्य सुमारे १८ चौरस किलोमीटरचे आणि ते काळविटांसाठी राखलेले. काटेपूर्णा अभयारण्य अकोला जिल्ह्यासह वाटून घेतलेले. उरलेला मुलूख सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा. ज्वारी व कपाशी मागे पडून सोयाबीन पसरले, तसे शेताचे तुकडे सलग झाले आणि बांधावरची झाडे कमी होत गेली. कायद्याने वानराला संरक्षण आहे. त्याला मारता येत नाही, आणि बहुतेकांना मारायचेही नसते. तेव्हा उपाय छोटे आणि चिवटपणे करावयाचे आहेत. पारावर व रस्त्याच्या कडेला खाऊ घालणे गावाने ठरवून थांबवायचे, मारुतीला फुटाणे वाहिले तरी ते प्रसाद म्हणून माणसांनी खायचे. एकेकट्याने राखण केली, तर वानरे शेजारच्या वावरात जातात आणि तासाभराने परततात. पाच-सात वावरांनी मिळून पाळी लावली, तर त्यांना परतायला कारण उरत नाही. कळपाला हाकलावे, पण एकट्या हुप्प्याच्या मागे लागू नये. टेकडीकडच्या काकरांत तूर न पेरता हळदीसारखे, वानर सहसा तोंड न लावणारे पीक घ्यावे. रिसोडकडे हळद पिकतेच. नाल्याकाठचे उंबर आणि पिंपळ तोडताना दोनदा विचार करावा, कारण त्या पाल्यावर असलेला कळप तेवढा वेळ तुरीत नसतो.